गेटपासून लिफ्टपर्यंत विनापायरी वाट : सोसायटीने काम कोणत्या क्रमाने करायचं

आमच्या सोसायटीत पहिला रॅम्प झाला तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर पोरांच्या सायकली घसरायला लागल्या. तीन पायऱ्यांची उंची, म्हणजे दीड फूट, आणि रॅम्पची लांबी चार फूट. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची व्हीलचेअर चढवायला दोघं मागून आणि एक पुढून लागायचा. उतरताना आजी डोळे मिटून रामनाम घ्यायच्या. पावसाळ्यात त्यावर गोणपाट अंथरायची वेळ आली. दीड वर्षाने तो फोडला आणि नव्याने बांधला. तेव्हा मी कमिटीत होतो, त्यामुळे या चुकीत माझाही वाटा आहे.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच सोसायट्यांनी विचारलं, जाऊन पाहिलं, आणि सगळीकडे गोष्ट तीच. मिस्त्रीला बोलावतात, पायरीशेजारी उतार ओतून घेतात आणि मग वापरणारा माणूस शोधतात. रॅम्प ओतणं हा या कामातला सहावा टप्पा आहे. आधीचे पाच गाळले तर सहावा फुकट जातो.

खाली जी मापं दिली आहेत ती जुन्या, तीन-चार मजली इमारतीचा सामाईक भाग डोळ्यांसमोर ठेवून. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक मानकं काढली आहेत. आर्किटेक्टला ती समोर ठेवूनच नकाशा करायला सांगा.

## टप्पा १ : रॅम्प विसरा, आधी वाट चाला

रविवारी सकाळी तासभर काढा. सोबत टेप, खडू, वही आणि दोन-तीन माणसं घ्या. माणसं निवडताना कमिटीतली नकोत. एक जण वॉकर किंवा काठी घेऊन चालणारा, एक व्हीलचेअरवर (वैद्यकीय साहित्याच्या दुकानात भाड्याने मिळते), आणि जमलं तर एक दृष्टिहीन किंवा मोतीबिंदूमुळे कमी दिसणारी व्यक्ती. गेटबाहेरच्या रस्त्यापासून निघा आणि घराच्या दारात थांबा.

जिथे थांबावं लागलं, कुणाचा हात धरावा लागला किंवा वळसा पडला तिथे जमिनीवर खडूने फुली मारा. काही बोलू नका, समजावू नका, फक्त फुली.

आमच्याकडे पंधरा फुल्या निघाल्या आणि त्यांतल्या फक्त तीन पायऱ्यांवर होत्या. बाकीच्या अशा : गेटच्या छोट्या दाराची खालची लोखंडी पट्टी (जमिनीपासून चार इंच वर), गटाराच्या जाळीच्या फटी, पार्किंगमध्ये आडवी लावलेली बुलेट, मीटर रूमचं बाहेर उघडणारं दार, लिफ्टसमोरची चप्पल-स्टँडं, लिफ्टचं वरचं बटण. यांपैकी एकही तशीच राहिली तर दहा लाखांचा रॅम्पही निरुपयोगी. ही वाट साखळीसारखी आहे. मधली एक कडी तुटली की माणूस तिथेच अडकतो.

इशारा : फुल्या पाहून लगेच कुणीतरी म्हणेल, "मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांजवळून एक वाट काढू, तिथे जागा आहे." नको. सार्वत्रिक रचनेची सात तत्त्वं आहेत आणि त्यांतलं पहिलंच समान वापराचं आहे : सगळ्यांना तोच दरवाजा, तीच वाट. मागचं दार रात्री दहाला बंद होतं, तिथला दिवा गेलेला असतो आणि कुत्री बसलेली असतात. शिवाय जी वाट फक्त एका माणसाची असते तिची देखभाल कुणीच करत नाही. पुढच्या दारातला उतार गॅसचा सिलिंडर आणणारा वापरतो, बाबागाडी ढकलणारी आई वापरते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका वापरतात. त्यामुळे तो बिघडला की दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

## टप्पा २ : उंची मोजा, आणि नीट मोजा

एक सूत्र पाठ करा : जितके इंच उंची, तितके फूट लांबी. उताराचं कमाल प्रमाण १:१२ आहे, आणि फूट-इंचात ते असं सोपं होऊन बसतं. सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट. दीड फूट म्हणजे अठरा इंच असेल तर अठरा फूट.

१:१२ ही कमाल मर्यादा आहे हेही लक्षात ठेवा. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवणाऱ्याला १:१२ सुद्धा दम काढतो. जागा असेल तर १:१५ किंवा १:२० करा. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.

आता उंची कुठून कुठे मोजायची? बहुतेक जण पायऱ्या मोजतात : तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, झाले अठरा. इथेच गोची होते. पावसाचं पाणी इमारतीपासून लांब जावं म्हणून कंपाउंडच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. पायरीच्या पायथ्याशी उंची अठरा इंच असली तरी रॅम्प जिथे संपणार आहे तिथे ती जास्त भरते. आमच्याकडे तीन इंचांनी जास्त भरली, म्हणजे अठराऐवजी एकवीस इंच, आणि लांबी अठराऐवजी एकवीस फूट.

मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या.

१. नळीत पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. नळी पूर्ण उलगडून, टिचक्या मारून बुडबुडे काढा.
२. एक टोक लॉबीच्या दाराशी, आतल्या फरशीपासून ठरावीक उंचीवर धरा. समजा, तीन फुटांवर पाणी दिसलं.
३. दुसरं टोक जिथे रॅम्पचा पायथा येईल असं वाटतं तिथे न्या आणि जमिनीपासून पाण्याची उंची मोजा. चार फूट नऊ इंच आली तर फरक एकवीस इंच.
४. लांबी वाढली की पायथा पुढे सरकतो, आणि पायथा सरकला की उंची पुन्हा बदलते. म्हणून नवीन जागी परत मोजा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिर होतो.

पडताळा : आतली फरशी बदलायचा विचार आहे का, हे आत्ताच विचारा. रॅम्प झाल्यावर लॉबीत जुन्या लादीवर नवी टाइल चिकटवली की दारात पाऊण-एक इंचाचा नवा उंबरा तयार होतो.

## टप्पा ३ : जागेचा हिशेब

एकवीस फूट हा फक्त उतार. वर दारासमोर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा हवी, कारण व्हीलचेअर उतारावर उभी ठेवून दार उघडता येत नाही. खाली पायथ्याशी तेवढीच सपाट जागा. वळण असेल तर वळणावरही तेवढीच. पाच फूट म्हणजे साधारण १५०० मिमी; एवढ्यात खुर्ची पूर्ण फिरते.

सरळ रेषेत एवढी लांबी जुन्या सोसायटीत क्वचितच मिळते. मग रॅम्प दुमडायचा : अर्धा पुढे, सपाट वळण, अर्धा मागे. आमच्या एकवीस फुटांचे साडेदहा-साडेदहाचे दोन भाग झाले. एका टोकाला वळणाचे पाच फूट, दुसऱ्या टोकाला वरच्या आणि खालच्या सपाट जागेचे पाच. एकूण साडेवीस फूट लांब आणि दहा फुटांच्या आसपास रुंद अशी जागा लागली. एक पार्किंग आणि तगरीची दोन झाडं गेली.

रुंदी किमान चार फूट, म्हणजे १२०० मिमी. ही दोन्ही बाजूंच्या, हाताने धरायच्या दांड्यांच्या आतली मोकळी रुंदी आहे. मिस्त्री बाहेरून बाहेर चार फूट घेतो आणि दांडे बसल्यावर सव्वातीन उरतात. पाच फूट देता आली तर समोरून येणाऱ्याला थांबावं लागत नाही.

जागेवर काय काय आहे याची यादी करा : ड्रेनेजचे चेंबर, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, गॅसची पाइपलाइन, मीटर रूमचं दार, अग्निशमनाची गाडी यायची वाट. चेंबरवर रॅम्प ओतलेली एक सोसायटी मी पाहिली आहे. चार महिन्यांत चोकअप झालं आणि ब्रेकर लावावा लागला.

जागा अजिबातच पुरत नसेल तर पर्याय तीन. पहिला, कंपाउंडची फरशी गेटपासूनच हळूहळू उचलत आणायची, म्हणजे दाराशी उंची कमी उरते. पण मग पावसाचं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. दुसरा, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जोतं कमी उंचीचं असेल तर तेच सगळ्यांचं मुख्य दार करायचं. तिसरा, पायरीशेजारी उभी वर-खाली होणारी छोटी लिफ्ट. तिला वीज लागते, वार्षिक देखभालीचा करार लागतो, आणि किल्ली वॉचमनकडे ठेवली की ती कायम "साहेबांकडे" असते.

इशारा : तीव्र उतार करून "मागून कुणीतरी धरेल" असं म्हणू नका. तसा उतार नसलेला बरा. पायरीला माणूस थांबतो आणि मदत मागतो. चुकीच्या उतारावर तो जाऊन पाहतो आणि मागे कलंडतो.

## टप्पा ४ : सभा आणि परवानगी

इथे फार वेळ घालवू नका, पण क्रम चुकवू नका. आधी आर्किटेक्टचा नकाशा, मग अंदाजपत्रक, मग सर्वसाधारण सभेचा ठराव, मग स्थानिक महापालिकेकडे चौकशी. इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत पक्कं बांधकाम येतं आहे, त्यामुळे परवानगी लागते का आणि कोणती, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

सभेत कायदा उगारून फायदा होत नाही, असं माझं मत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं. हे माहीत असू द्या, कुणी "ते सगळं ऐच्छिक असतं हो" म्हटलं तर उपयोगी पडतं. पण मतं मिळतात ती खडूच्या फुल्यांच्या फोटोंवर. आणखी एक युक्ती : सभेत विचारा, "गेल्या वर्षी आपल्या इमारतीत किती जण प्लॅस्टर, वॉकर किंवा स्ट्रेचरवर होते?" आमच्याकडे हात वर यायला लागले तेव्हा सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या काकांचाही हात वर होता, सायकलवरून पडून त्यांचा घोटा मोडला होता.

"कुणासाठी?" या प्रश्नाला एकाच घराचं नाव घेऊन उत्तर देऊ नका. त्या घराला उगाच मिंधं केल्यासारखं होतं, आणि ते घर सोडून गेलं की देखभाल थांबते.

## टप्पा ५ : फक्की मारून तालीम

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि याला खर्च शंभर रुपयांचाही नाही.

जागेवर पांढऱ्या फक्कीने पूर्ण आखणी करा : उताराच्या कडा, सपाट जागा, वळण, दारं उघडतात ती कमान. दांड्यांच्या जागी दोऱ्या बांधा. मग दोन दिवस ती तशीच ठेवा आणि सगळ्यांना आखणीच्या आतून जायला सांगा. रिक्षा कुठे थांबते, दूधवाला सायकल कुठे लावतो, कचऱ्याची ढकलगाडी कुठून वळते, हे सगळं दोन दिवसांत दिसतं.

व्हीलचेअर आखणीतल्या वळणावरून फिरवा. फक्कीवर चाक आलं तर वळण अरुंद आहे. आमचं पहिलं वळण साडेतीन फुटांचं काढलं होतं, चाक दोरीला अडकलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, जरा तिरकं घ्यायचं." मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, घे तिरकं. त्यानेच मग फक्की पुसून पाच फूट आखलं.

पडताळा : आखणी वरच्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलवर टिपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी वाद होत नाहीत.

## टप्पा ६ : बांधकाम

दिवाळीनंतर सुरू करा आणि मे संपायच्या आत आटपा. काम चालू असताना पायऱ्या बंद पडणार नाहीत याची सोय आधी करा.

खोदाई आणि भराव. पायथ्याशी जमिनीच्या वरच उतार "मरवला" तर शेवटचा भाग पापडासारखा पातळ होतो, महिन्याभरात त्याचे तुकडे उडतात आणि तिथे एक इंचाची धार तयार होते. पुढची छोटी चाकं नेमकी तिथेच अडतात. म्हणून पायथ्याशी पाच-सहा इंच खाली खोदून काँक्रीटला जाडी द्या आणि वरची पातळी कंपाउंडच्या फरशीला सपाट मिळवा. आत नुसतं राबीट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, ओतू नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, पाणी मारा, धुम्मसाने ठोका. भराव बसला की रॅम्प आणि जोतं यांच्यामध्ये भेग पडते आणि दारासमोरच पायरी उगवते.

उतार तपासायची पट्टी. काँक्रीट ओल्यातच तपासा, वाळल्यावर नाही. चार फुटी सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, वरच्या बाजूला तिचं टोक उतारावर टेकवा, लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकाखालची फट मोजा. चार इंच किंवा कमी असेल तर १:१२ जमला. पाच इंच आली तर तिथेच थांबवा. हे तीन-चार ठिकाणी करा, कारण एकूण लांबी बरोबर असूनही मिस्त्री मधे पोट काढतो आणि टोकाला उतार तीव्र होतो. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅपही चालतं : पावणेपाच अंशांच्या आत हवं.

आडवा उतारही बघा. पाणी वाहून जायला थोडा लागतो, पण पन्नासाला एकपेक्षा जास्त झाला की खुर्ची सतत एका बाजूला ओढते.

पृष्ठभाग. पॉलिश केलेला ग्रॅनाइट, गुळगुळीत कोटा, चकचकीत टाइल : सगळं बाद. काँक्रीट ओलं असताना कडक केरसुणीने उताराला आडव्या रेघा ओढल्या की पुरे. गाड्यांच्या रॅम्पला पाडतात तशा खोल खाचा पाडू नका. त्यांत वॉकरचं रबर अडकतं, चाकं धडधडतात आणि शेवाळ धरतं.

पाणी. पायथ्याशी डबकं साचणं हा महाराष्ट्रातल्या रॅम्पांचा सार्वत्रिक रोग आहे. पायथ्याच्या पलीकडे आडवी नाली घ्या आणि तिच्या जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा रुंद नकोत. लांबट फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. काठीचं टोक आणि खुर्चीचं पुढचं चाक दोन्ही रुंद फटीत जातात.

कडा. ज्या बाजूला भिंत नाही तिथे तीन-चार इंच उंचीची कड ठेवा. चूक होणारच आहे, चाक कडेला जाणारच आहे. ते खाली पडू नये एवढी माफी रचनेत असली पाहिजे.

पाणी मारणं. ओल्या गोणपाटाखाली किमान सात दिवस, आणि बाजारात सर्रास मिळणारं राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर दहा. या काळात त्यावर स्कूटर चढवणारा एक तरी सभासद निघतोच. दोरी बांधू नका, ती ओलांडतात. दोन्ही टोकांना विटांचा ढीग लावा.

## टप्पा ७ : धरायला दांडा, डोळ्यांना रंग, पायाला खूण

दांडे दोन्ही बाजूंना. कुणाची डावी बाजू लकव्याने गेलेली असते, कुणाची उजवी. एकाच बाजूला दांडा असला तर जाताना आधार मिळतो आणि येताना नाही. एक दांडा ९०० मिमीवर, दुसरा त्याखाली ७०० ते ७६० मिमीवर. खालचा मुलांना आणि खुर्चीवरच्या माणसाला लागतो. जाडी ३८ ते ४५ मिमी, म्हणजे मुठीत पूर्ण मावेल अशी. भिंतीपासून ५० मिमी अंतर, नाहीतर बोटं सोलतात. चौकोनी पाइप दिसायला झकास, धरायला वाईट.

दांडा उतार संपतो तिथेच तोडू नका. दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे न्या, कारण आधार सर्वांत जास्त लागतो तो पहिल्या आणि शेवटच्या पावलाला. टोक खाली किंवा भिंतीकडे वळवा. उघड्या टोकात साडीचा पदर, ओढणी, पिशवीचा बंद अडकतो आणि माणूस मागे खेचला जातो. उघड्यावरचा स्टीलचा दांडा उन्हाळ्यात दुपारी हात लावू देत नाही. वर छोटी शेड टाकली तर ऊन आणि पाऊस दोन्ही भागतं.

पायऱ्या काढून टाकू नका. काठीने चालणाऱ्या अनेकांना उतारापेक्षा दांडा असलेल्या पायऱ्या सोप्या जातात. मात्र प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमी रुंदीची उठून दिसणारी पट्टी मारा. काळ्या कडप्प्यावर पिवळी, पांढऱ्या लादीवर गडद. मोतीबिंदू असलेल्याला एकरंगी पायऱ्या सपाट जमिनीसारख्या दिसतात.

उठावाच्या टाइल्स दोन प्रकारच्या असतात आणि त्या उलटसुलट बसवणं ही सर्रास होणारी चूक. ठिपक्यांची टाइल म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". रेघांची टाइल म्हणजे "या दिशेने चल". ठिपके पायरी आणि उतार सुरू होण्याच्या ३०० मिमी आधी. रेघा गेटपासून दारापर्यंत, तेही मोकळ्या जागेत वाट हरवत असेल तरच. शोभेसाठी चौक काढून ठिपके भरले की पांढरी काठी घेऊन येणाऱ्याला ती निव्वळ बडबड वाटते. आणि रेघा संपतात तिथे खांब नको. हे लिहावं लागतं, कारण मी ते पाहिलं आहे.

## टप्पा ८ : दार आणि लिफ्ट

दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी. दोन झडपांचं दार असेल तर एकच झडप उघडून एवढी मिळाली पाहिजे, कारण दुसरीची खिटी वर असते आणि ती गंजलेली असते. डोअर क्लोजर इतका कडक नको की आजींना खांद्याने दार ढकलावं लागेल. गोल मुठीऐवजी आडवा दांडीचा हँडल, जो कोपरानेही दाबता येतो.

उंबरठ्याचा विषय नाजूक असतो. सामाईक दाराला उंबरा असेल तर १२ मिमीच्या आत आणा आणि दोन्ही बाजूंनी कड तिरकी घासून घ्या. घरच्या दारात हळदीकुंकू वाहायला उंबरठा हवाच असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका; जमिनीला सपाट बसवलेली लाकडाची किंवा दगडाची पट्टीही उंबरठाच असते, पूजा तिचीही होते.

जुन्या इमारतींना मागाहून लावलेल्या काही लिफ्ट मधल्या लँडिंगवर थांबतात. तिथून घरापर्यंत आठ-नऊ पायऱ्या उरतातच. लिफ्ट बदलायचा किंवा नव्याने लावायचा विषय निघालाच असेल तर ती मजल्याच्या पातळीवरच थांबेल असा नकाशा मागा, ९०० मिमीचं आपोआप सरकणारं दार मागा. नवी लिफ्ट शक्य नसेल तर एवढं तरी करा : लिफ्ट थांबल्यावर तिची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यात एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, हे देखभालवाल्याकडून दर वेळी तपासून घ्या, बटणं ९०० ते १२०० मिमीच्या पट्ट्यात आणा, त्यांवर उठावाचे आकडे आणि ब्रेल बसवा, आत एका बाजूला दांडा लावा. मजला सांगणारा आवाज रात्री त्रास होतो म्हणून बंद करतात. बंद करू नका, बारीक करा.

पार्किंगमध्ये लिफ्टजवळची एक जागा ३६०० मिमी रुंदीची आखा. यात गाडीशेजारचे १२०० मिमी तिरक्या पट्ट्या मारून मोकळे ठेवायचे असतात. गाडीतून खुर्चीत बसायची ती जागा. तिथे स्कूटर लावली की संपलं.

एक काम बिनखर्चाचं. सोसायटीच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकतात, तो मोबाइलवर मजकूर ऐकणाऱ्या दृष्टिहीन सभासदाला बहुतेक वेळा वाचता येत नाही. "उद्या पाणी येणार नाही" हे टाइप करूनच टाका. आणि बोर्डावरची नोटीस मोठ्या अक्षरात, मराठीत, डोळ्यांच्या उंचीवर. बसलेल्या माणसाचे डोळेही धरून.

## टप्पा ९ : बिल चुकवण्याआधी

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता हातात ठेवून पुन्हा वाट चाला, पहिल्या रविवारची तीच माणसं घेऊन. क्रम असा :

१. व्हीलचेअरवरची व्यक्ती कुणाचाही हात न लागता रस्त्यापासून लिफ्टच्या आत जाते का? नसेल जात, तर कुठे थांबते?
२. तीच वाट रात्री नऊला, दिवे लावून. उतारावर सावली पडून कड दिसेनाशी होते का?
३. बादलीभर पाणी वरून सोडा. दहा मिनिटांनी कुठे साचलं ते खडूने आखा आणि ठेकेदाराला दाखवा.
४. दांड्याला पूर्ण वजन टाकून हलवा. हलला तर पाया कच्चा आहे.
५. चालताना डोक्याला लागेल असं काही सात फुटांच्या खाली लोंबतं का? जिन्याचा खालचा तिरका भाग, नळीची फिटिंग, केबलचे वेटोळे. जमिनीवर फिरणाऱ्या पांढऱ्या काठीला हे वरचं काहीच कळत नाही.

राहिलं ते रोजचं. रॅम्पच्या पायथ्याशी पाच बाय पाच फुटांचा पिवळा चौकोन रंगवा आणि वॉचमनला अधिकार द्या की तिथे लावलेली गाडी कुणाचीही असो, चेअरमनची असली तरी, तो हलवायला सांगेल. गाड्या अडवायला खांब लावलेत तर दोन खांबांत किमान १२०० मिमी अंतर ठेवा, नाहीतर स्कूटर आणि खुर्ची दोन्ही एकाच वेळी अडतात. गणपतीच्या मांडवाचा बांबू दर वर्षी नेमका याच चौकोनात रोवला जातो, तेव्हा मंडपवाला यायच्या आदल्या दिवशी जागा खुणावून द्या. दिवाळीत रांगोळी काढायची तर उताराच्या बाजूला काढा, उतारावर नको; तिच्यावरून पाय सटकतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोठा पाऊस पडायच्या आत, काथ्याच्या ब्रशने शेवाळ घासून नालीची जाळी उचलून साफ करायची, हे सफाईवाल्याच्या करारातच लिहून टाका.